डिटरमिनंट मांडा आणि मार्क घ्या

आपल्या कॉलेजातल्या फर्स्ट इयरच्या कुठल्याही मुलाला रात्री तीनला झोपेतून उठवा, तो आयगेन व्हॅल्यू काढून देईल. डायगोनलमधून लॅम्डा वजा करायचा, डिटरमिनंट शून्य मांडायचा, क्यूबिक समीकरण आलं की त्यात १, २, ३ घालून बघायचं. एक रूट सापडतोच, कारण पेपर काढणाऱ्या सरांनी तो आधीच ठरवून ठेवलेला असतो. मार्क खिशात. माझं म्हणणं एवढंच, की या मार्कांसोबत आपण एक वाईट सवयही घरी नेतो, आणि ती सवय पुढे चार वर्षांत कोणीही मोडत नाही.

मराठी विभागात मॅथ्स बघून दचकू नका. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटची, नगरला मावशीकडे राहून झालेली. मॅट्रिक्सला मराठीत ‘आव्यूह’ म्हणतात हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. तरी मी मॅट्रिक्सच म्हणणार.

आता ती सवय वाईट का, ते सांगते. जेम्स विल्किन्सन नावाच्या ब्रिटिश गणितज्ञानं एक पॉलिनॉमियल घेतलं, ज्याचे रूट्स १ ते २० हे आकडे आहेत. त्यातल्या एकोणिसाव्या घाताचा सहगुणक येतो उणे २१०. त्यात त्यानं एक कोटीव्या भागाहून जेमतेम जास्त एवढाच फरक केला. वीसपैकी दहा रूट्स चक्क कॉम्प्लेक्स झाले! आता तेच वीस आकडे एका मॅट्रिक्सच्या डायगोनलवर लिहा, बाकी सगळीकडे शून्य. त्या मॅट्रिक्सची सिमेट्री न बिघडवता कुठल्याही जागी तेवढाच फरक करा. एकही आयगेन व्हॅल्यू त्या फरकापेक्षा जास्त हलत नाही. ही हमी सिमेट्रिक मॅट्रिक्सच्या अंगचीच आहे. म्हणजे मूळ प्रश्न चांगला दणकट होता. डिटरमिनंट उलगडून आपणच त्याला नाजूक केला. दुधात आपल्याच हातानं मिठाचा खडा. तीन बाय तीनला हे जाणवत नाही, म्हणून परीक्षेत खपून जातं.

गंमत म्हणजे कॉम्प्युटर बरोबर उलटं करतो. मॅटलॅब किंवा ऑक्टेव्हला पॉलिनॉमियलचे रूट्स विचारा, ते आधी त्या पॉलिनॉमियलची एक मॅट्रिक्स बनवतं आणि तिच्या आयगेन व्हॅल्यू काढतं. आपण शिकतो एक, मशीन करतं दुसरंच.

कोणी म्हणेल, एवढं मनाला कशाला लावून घ्यायचं? बटण दाबलं की उत्तर येतं ना. त्यासाठी आमच्या पाटोद्याला या.

पाटोदा, जिल्हा बीड. मांजरा नदी आमच्या तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे लातूरकडे जाते. त्या लातूर जिल्ह्यात किल्लारी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक नुकतेच झोपले होते, तेव्हा तिथे जे झालं ते आमच्या भागात लहान पोरांनाही माहीत आहे. हजारो माणसं गेली, मुख्यतः जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. तो भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशात सगळ्यात सुरक्षित, झोन एकमध्ये होता! आयएस १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीत झोन एकच काढून टाकला आणि किल्लारी झोन तीनमध्ये गेली. लोकांनी मात्र नकाशाची वाट पाहिली नाही. दगडमाती नको, स्लॅब घाला, हे शहाणपण गावोगाव पोचलं. शहाणपण खरं, पण अर्धं. आज कुठल्याही तालुक्याच्या गावी मेन रोडला बघा: खाली शटरची दुकानं, म्हणजे भिंती जवळजवळ नाहीतच, नुसते कॉलम, आणि वर विटांच्या भिंतींचं भरलेलं घर. आमच्या काकांनीही असंच बांधायला काढलंय. मी विचारलं, “काका, खाली आडव्या भिंती का नाहीत?” तर म्हणाले, “अगं, मग शटर कुठं बसवू, तुझ्या पुस्तकात?”

पुस्तकातच बसवून बघितलं. दोन मजले, दोन्हीचं वजन सारखं धरलं. दोन्ही मजल्यांचा स्टिफनेस १ असेल तर मॅट्रिक्सची पहिली ओळ २, उणे १. दुसरी उणे १, १. सिमेट्रिक. ती तशी असतेच, कारण वरच्या मजल्याला ढकलून खालचा जितका सरकतो, तितकाच खालच्याला तेवढंच ढकलून वरचा सरकतो. हे मॅक्सवेलचं तत्त्व. लहान आयगेन व्हॅल्यू येते ०.३८२ आणि तिचा व्हेक्टर १, १.६१८. (हो, तोच गोल्डन रेशो, आमच्या गवंड्याला न विचारता आलेला.) म्हणजे घर हलताना वरचा स्लॅब १.६१८ सरकला, तर त्यातलं १ खालच्या मजल्यात आणि ०.६१८ वरच्यात. वाकणं दोघांत वाटलं गेलं.

आता खाली दुकानं काढली आणि खालचा स्टिफनेस पाव झाला असं समजा. पहिली ओळ १.२५, उणे १, दुसरी तीच. आयगेन व्हॅल्यू ०.११७, व्हेक्टर १, १.१३३. वरचं घर एका ठोकळ्यासारखं सरकतंय आणि एकूण हेलकाव्यातलं ८८ टक्के वाकणं एकट्या दुकानाच्या कॉलमवर आलंय. आधी हा आकडा ६२ टक्के होता. आयगेन व्हॅल्यू फक्त घर किती सावकाश डुलेल ते सांगते. कुठे मोडेल हे सांगतो तो व्हेक्टर, आणि परीक्षेत व्हेक्टरला आपण शेवटच्या दोन मार्कांसाठी घाईघाईत उरकतो.

हे नुसतं कागदावरचं नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून लांब असलेल्या अहमदाबादमध्ये खाली मोकळं पार्किंग आणि वर फ्लॅट अशा इमारती बसल्या. त्यानंतरच्या २००२ च्या कोडनं अशा मऊ मजल्याचे कॉलम आणि बीम अडीच पट बलासाठी डिझाइन करा असं सांगितलं. हा अडीचचा आकडा आपण ओरलला पाठ म्हणून दाखवतो. तो त्या व्हेक्टरमधून डोकावतो, हे मला तरी कोणी सांगितलं नव्हतं.

दोन मजल्यांना क्वाड्रॅटिक पुरतं. मजले वाढले की हातात दुसरं हत्यार हवं, आणि ते १८४६ पासून आहे. याकोबीनं ते ग्रहांच्या कक्षांच्या हिशेबासाठी काढलं. डायगोनलच्या बाहेरची एक जागा निवडा आणि मॅट्रिक्स अशा कोनातून फिरवा की तिथे शून्य येईल. मग पुढची जागा. तीन सारख्या मजल्यांची मॅट्रिक्स घ्या: २, उणे १, ०, उणे १, २, उणे १, ०, उणे १, १. पहिल्या दोन डायगोनल जागा सारख्या, म्हणून कोन सरळ ४५ अंश. फिरवल्यावर डायगोनलवर २ आणि २ च्या जागी १ आणि ३ आले, मधला उणे १ गेला. पण जिथे आधी शून्य होतं त्या कोपऱ्यात ०.७०७ येऊन बसलं. इथे मन खट्टू होतं. निस्तरलेलं पुन्हा बिघडलं की काय? तर डायगोनलच्या बाहेरच्या सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करा: आधी ४ होती, आता २. प्रत्येक फिरवणीत ती घटतेच, आणि मोडलेल्या आकड्याच्या वर्गाच्या दुप्पट घटते. हॉस्टेलच्या रूमसारखं आहे, कॉटवरचा पसारा टेबलावर जातो. फरक इतकाच, की इथे एकूण पसारा खरोखर कमी होतो. केलेल्या सगळ्या फिरवण्या गुणत गेलात की आयगेन व्हेक्टर फुकटात मिळतात, तेही एकमेकांना काटकोनात.

मोठ्या मॅट्रिक्सला आज याकोबी सहसा वापरत नाहीत हे मला माहीत आहे. आधी हाउसहोल्डरच्या पद्धतीनं तीन पट्ट्यांची मॅट्रिक्स करतात, मग क्यूआर किंवा तसलंच काही. आणि हजारो अज्ञात असतील तर सगळ्या आयगेन व्हॅल्यूंच्या मागेही लागत नाहीत, सुरुवातीच्या मोजक्या पुरतात. याचं उदाहरण आपल्या कोयनेत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला वरच्या भागात तडे गेले. १९७३ साली अनिल चोप्रा आणि चक्रबर्ती यांनी त्याचं फायनाइट एलिमेंटनं गणित केलं. धरणाची पहिली फ्रिक्वेन्सी सेकंदाला साधारण तीन हेलकावे आली, आणि जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे काँक्रीटला न झेपणारा ताण निघाला. तडे तिथेच गेले होते.

आणि आपण? फायनल इयरच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत दहा-दहा पानं रंगीत मोड शेप्स असतात. कलर झेरॉक्सवाल्याची दिवाळी. सबमिशनच्या दिवशी पहिल्या मोडमध्ये सगळ्यात जास्त वाकणारा मजला कुठला, असं विचारून बघा.

‘सिलॅबस युनिव्हर्सिटीचा आहे,’ हे उत्तर मला पाठ आहे. पण टर्मवर्क तर आपलं आहे ना? त्यात एक असाइनमेंट अशी द्यावी, ज्यातली मॅट्रिक्स आपल्या गावातल्या एखाद्या इमारतीची असेल. याकोबीच्या फिरवण्या हातानं, प्रत्येक वेळी बाहेरच्या वर्गांची बेरीज लिहून. शेवटी मॅट्रिक्स गुणिले व्हेक्टर आणि लॅम्डा गुणिले व्हेक्टर शेजारी मांडून किती फरक पडला ते दाखवायचं. मॅटलॅब परवडत नसेल तर ताळ्यासाठी ऑक्टेव्ह आणि सायलॅब फुकट आहेत. सायलॅबचा प्रसार तर आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्पच करतो. सरांना तपासायला वेळ लागेल, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं असेल. कॉपी करता येणार नाही हा आमचा तोटा.

ज्यांना तोवर दम नाही, त्यांच्यासाठी वरच्या तीन मजल्यांची उत्तरं देऊन ठेवते: ०.१९८, १.५५५, ३.२४७. तिसऱ्या दशांशापर्यंत पोचायला तुम्हाला किती फिरवण्या लागल्या, तो आकडा मेसच्या बोर्डावर मेनूखाली लिहा. आणि खालचा स्टिफनेस पाव करून तेच पुन्हा केलंत, तर तो व्हेक्टर मला हवाय. काकांचे कॉलम अजून प्लिंथपर्यंतच आलेत.