आधी निर्णय, मग अभिप्राय

शासकीय मराठीत ‘समायोजन’ हा शब्द मोठा सोज्वळ आहे. शाळा बंद होत नाही. तिचे ‘समायोजन’ होते. आम्ही भाषेचे अभ्यासक असल्याने या वाक्यातला कर्ता कोठे गेला, हा प्रश्न आम्हांला आधी पडतो.

२०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळांच्या बाबतीत हाच शब्द वापरला गेला. सप्टेंबर २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवण्यात आले, पानशेत आणि तोरणमाळ यांचे दाखले पुढे आले. प्रस्ताव अधिकाऱ्यांनी करायचे आणि पालकांनी अभिप्राय द्यायचा, असा हा क्रम.

कायद्यातला क्रम मात्र उलटा आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. आणि कलम २२नुसार शाळेचा विकास आराखडा याच समितीने तयार करायचा असतो. म्हणजे पहिला मसुदा पालकांचा. त्यांना शेवटच्या पानावर अंगठ्यापुरती जागा ठेवणे याला सल्लामसलत म्हणत नाहीत.

चार मुलांच्या वर्गात खेळायला सवंगडी नसतो, एकच शिक्षक सगळे विषय ओढतो, हे आम्हांला मान्य आहे. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा मिळेल, हेही खरे. परंतु पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर नकाशातले अंतर आणि पावसाळ्यातले अंतर एक नसते. कोणता ओहोळ कधी चढतो, मुलीला कोठवर एकटी पाठवता येते, हे त्या समितीतल्या आईला ठाऊक असते. प्रस्तावाच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नसतो.

२०२२ साली इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शाळेसाठी नाशिकच्या जिल्हा परिषदेवर बकऱ्या घेऊन गेली. दप्तर परत घ्या आणि वळायला बकऱ्या द्या, अशी त्यांची मागणी होती. उपरोध शिकवायला आम्हांला पाठ्यपुस्तक लागते. त्या मुलांना लागले नाही. पण ज्यांचे म्हणणे आधीच विचारायला हवे होते, त्यांना ते ऐकवण्यासाठी मोर्चा काढावा लागला, ही लाज कोणाची?

शाळा एकत्र करायच्या असतील तर कराव्यात. मात्र कोरा कागद आधी समितीपुढे ठेवावा. भरलेल्या कागदावर घेतलेली सही ही संमती नव्हे, ती केवळ पोच होय.