‘मुक्त’ कोणासाठी?

‘मुक्त प्रवेश’ ही संज्ञा आपल्या ज्ञानव्यवहारात आता इतकी सैलपणे वापरली जाते, की तिच्यामागील भूमिकाच लोपण्याची वेळ आली आहे. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याची मागणी निःसंदिग्ध होती : संशोधनपर लेखन कोणाही वाचकास विनामूल्य वाचता यावे, उतरवून घेता यावे, वापरता यावे. प्रकाशनव्यवसायाने या मागणीचे काय केले? वाचकाच्या वाटेवरील जकातनाका उचलून तो लेखकाच्या दारात आणून बसवला. ‘नेचर’ने २०२१ पासून मुक्त प्रकाशनासाठी लेखामागे ९,५०० युरो आकारावयास प्रारंभ केला. यास ‘सुवर्णमार्ग’ म्हणतात. सुवर्ण कोणाच्या पदरी पडते, हे सांगावयास नको. लेख लिहिणारा मानधनाविना लिहितो, तो तपासणाराही बहुधा मानधनाविनाच तपासतो, आणि दोघांचे वेतन बव्हंशी जनतेच्या पैशातून येते.

भारत शासनाने २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर करून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये राखले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तीमुळे शासकीय संस्थांच्या आवाक्यात आली. ही सोय मोठी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ही वर्गणी आहे, मुक्ती नव्हे. संस्थेचे छत्र नसलेला अभ्यासक बाहेरच राहतो. आणि मराठी समीक्षेचा केवढा तरी भाग विद्यापीठांबाहेरच लिहिला गेला आहे.

‘मराठीचा याच्याशी काय संबंध?’ असा आक्षेप येईल. संबंध असा, की पदोन्नतीच्या गुणांसाठी पदरचे शुल्क भरून लेख छापून घेण्याची प्रथा आपल्याकडेही रुजली आहे. वस्तुतः लेखकाकडून पैसा न घेता विचार छापणे ही आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांची जुनी रीत. तीत वाचकालाही विनामूल्य सामावून घेतले, की आज ज्याला ‘हीरकमार्ग’ म्हणतात तो सिद्ध होतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’साठी जमा करावे लागतात. प्रबंधाला जो न्याय, तो लेखाला का नाही? स्वीकृत लेखाचे हस्तलिखित सार्वजनिक संग्रहात ठेवणे विद्यापीठांनी बंधनकारक करावे, आणि वर्गणीच्या कोट्यवधींतील अल्पसा वाटा शुल्करहित भारतीय नियतकालिकांकडे वळवावा. जनतेच्या पैशावर उभे राहिलेले ज्ञान जनतेलाच विकत घ्यावे लागत असेल, तर त्या व्यवहाराला ‘मुक्त’ म्हणणे ही भाषेचीही फसवणूक आहे.