बॉक्स आपला, तर चावीही आपलीच हवी



गळीत हंगाम संपून पट्टा पडला की गावोगावी विक्रेत्यांची वर्दळ सुरू होते. उसाचे बिल खात्यावर जमा झाल्याची बातमी आपल्या आधी त्यांना लागलेली असते. कोणी गाद्या-पलंग घेऊन येतो, कोणी पाण्याची मोटर, आणि गेली काही वर्षे मोटरसायकलला छत्र्या बांधून टीव्हीची डिश विकणारेही येतात. "एकदाच पैसे भरा, जन्मभर सगळे चॅनेल फुकट!" ही त्यांची हाक. या हाकेला मी स्वतः भुललो आणि पस्तावलो. आता पारावर बसलो की चौघे विचारतात, "कुठला बॉक्स घ्यावा?" म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. मी काही मेकॅनिक नव्हे. पण ठेच लागलेल्याने मागून येणाऱ्याला दगड दाखवावा, एवढाच हेतू.

माझी फसगत अशी झाली. दोन वर्षांपूर्वी एका फिरत्या विक्रेत्याकडून चार हजार रुपयांना छत्री आणि 'फुल फीचर' बॉक्स घेतला. बॉक्सला मोबाईलचे नेट जोडले की पैशाचे चॅनेलसुद्धा फुकट दिसतील, असे त्याने सांगितले. सहा महिने दिसलेही. मग दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी पडदा काळा. फोन केला तर म्हणाला, "सर्व्हर बंद पडलाय, बाराशे पाठवा." पाठवले. पंधरा दिवसांत पुन्हा अंधार. पुढे त्याचा फोनच लागेना. बरे, सरकारी फुकटचे चॅनेल तरी दिसावेत, तर सेटिंगला त्याने पासवर्ड घालून ठेवलेला. आमच्या आईने ऐंशी ओलांडली आहे, गुडघ्यांमुळे तिला घराबाहेर पडवत नाही. रोज संध्याकाळी ती त्या काळ्या पडद्यासमोर बसून विचारायची, "आज तरी लागंल का रं?" पैसे गेले त्यापेक्षा हे मनाला जास्त लागले.

नंतर कळले की ही उघड उघड चोरी होती. एकाने पैसे भरून घेतलेल्या कार्डाची चावी इंटरनेटवरून शेकडो घरांना वाटायची, असा तो धंदा. चोरीचा माल आज ना उद्या जायचाच. यात मीही मोहाला पडलो, हे कबूल केलेले बरे.

मे महिन्यात भाच्याच्या लग्नाच्या बोलणीसाठी लालबागला बहिणीकडे गेलो होतो. दाजींचे वडील गिरणी कामगार. 1982 च्या संपानंतर गिरणी गेली, पण चाळीतली खोली राहिली. रात्री जेवणानंतर मी माझे रडगाणे सांगितले. दाजी उठले आणि त्यांनी माळ्यावरून एकामागून एक तीन बॉक्स काढून माझ्यापुढे ठेवले. सगळे धडधाकट आणि सगळे निकामी.

ते म्हणाले, "पाव्हणं, हे आम्ही तुमच्या आधी भोगलंय." दक्षिण मुंबईत 31 डिसेंबर 2006 पासून पैशाचे चॅनेल बघायला बॉक्स सक्तीचा झाला. पुढे सबंध मुंबईची केबल डिजिटल करण्यासाठी 31 ऑक्टोबर 2012 ही मुदत ठरली. गिरगाव, परळ, दादर, सगळीकडे घरोघरी बॉक्स आले. पण एका केबलवाल्याचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही. केबलवाला बदलला की बॉक्स माळ्यावर. दाजी म्हणाले, "पैसे आम्ही मोजले, जागा आमची अडली, आणि चावी मात्र त्यांच्याकडं."

आपल्याला हे समजायला वेळ लागू नये. ऊस आपला आणि काटा दुसऱ्याचा, मग वजनाची खात्री कोण देणार? काट्यावरचा आकडा आपल्या डोळ्यांनी बघायचा, असा आपण आग्रह धरतो. मग घरात येणाऱ्या बॉक्सबाबत आपण डोळे का मिटतो? फुकटच्या चॅनेलसाठी बॉक्स घ्यायचा तर त्याची सगळी सेटिंग आपल्या हाती असली पाहिजे, हे माझे स्पष्ट मत आहे. बाकीचे गुण त्यानंतर.

दुसऱ्या दिवशी दाजी मला लॅमिंग्टन रोडला घेऊन गेले. ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला, गिरगावला लागून हा रस्ता आहे. आताचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोक लॅमिंग्टन रोडच म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मालाचा तो मोठा बाजार. तिथल्या एका जुन्या दुकानदाराने बॉक्स दाखवण्याआधी मलाच तीन प्रश्न केले. "काका, टीव्ही जुना की नवा? लाइट किती जाते? आणि चॅनेल इकडचे तिकडे झाले तर सेटिंग कोण करणार?" आमच्या गावच्या विक्रेत्याने यातले एकही विचारले नव्हते. त्या तीन प्रश्नांतच बॉक्स निवडण्याचे सगळे शहाणपण आहे.

टीव्ही नवा असेल तर सपाट तोंडाची एचडीएमआय वायर लागते, जुना असेल तर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची. बॉक्सला दोन्ही जागा असाव्यात. नवा टीव्ही घेणाऱ्याने आणखी एक विचारावे. उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्हीसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 साली मानक केले आहे, आयएस 18112. तसा टीव्ही मिळाला तर वेगळा बॉक्स लागत नाही.

लाइटचा प्रश्न आपल्याला सांगायला नको. 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा बॉक्स बघावा. लाइट कमी-जास्त होऊन काही जळालेच, तर बहुधा अडॅप्टरवर निभावते आणि तो कोठेही मिळतो.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. सरकारची फुकट डिश 16 डिसेंबर 2004 रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने 33 वाहिन्यांनिशी सुरू झाली. पुढे तिचे नाव 'डीडी फ्री डिश' झाले. सुरुवातीला ती एनएसएस-6 या उपग्रहावर होती, मग इन्सॅट-4बी वर गेली, नंतर जीसॅट-15 वर. खाजगी वाहिन्या तिथे जागेसाठी लिलावात बोली लावतात, त्यामुळे वाहिन्या येत-जात राहतात. म्हणजे आज लावलेली सेटिंग वर्षभर टिकेल असे नाही. ज्याला रिमोटवर 'स्कॅन' करता येते त्याचा टीव्ही पाच मिनिटांत पूर्ववत होतो. ज्याला येत नाही तो मेकॅनिकची वाट बघतो आणि फेरीचे पैसे मोजतो. म्हणून दुकानातच बॉक्स टीव्हीला लावून घ्या. मेनू उघडतो का, पासवर्ड मागतो का, आपल्या हाताने नवी फ्रिक्वेन्सी घालता येते का आणि सगळे पुसून पहिल्यासारखे करता येते का, हे बघा. उपग्रहावर काय काय आहे ते बॉक्सने स्वतःच शोधावे, याला 'ब्लाइंड स्कॅन' म्हणतात. तेही असावे.

दुकानदाराला आणखी दोन अक्षरे विचारायची, 'एमपेग-4' आणि 'एस-2'. जुन्या पद्धतीचे बॉक्स फक्त एमपेग-2 घेतात. फ्री डिशवरच्या काही वाहिन्या एमपेग-4 मध्ये आहेत, त्या जुन्या बॉक्सवर उमटत नाहीत. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी जुना बॉक्स घेणे म्हणजे बेणे स्वस्त म्हणून रोगट कांडी लावण्यासारखे आहे.

पेनड्राइव्हवर कार्यक्रम उतरवून ठेवण्याची सोय असावी, हेही मी आग्रहाने सांगेन. शहरी माणसाला ती चैन वाटेल. पण शेतीची लाइट रात्रीची असली की आपण बॅटरी घेऊन सरीवर असतो. 'आमची माती आमची माणसं' या मुंबई दूरदर्शनच्या कार्यक्रमाने आपल्या एका पिढीला घरबसल्या शेती दाखवली. आज सह्याद्री वाहिनी आहे, 26 मे 2015 पासून डीडी किसान आहे, शाळेच्या पोरांसाठी शिक्षणाच्या वाहिन्या आहेत. शेतीची माहिती सांगत असताना शेतकरीच शेतात, असे होऊ नये. कार्यक्रम उतरवून ठेवा आणि सवडीने बघा.

वायफाय, शंभर ॲप, दहा छत्र्या जोडण्याची सोय, यासाठी ज्यादा पैसे घालू नका. सी-बँडच्या सहा-आठ फुटी मोठ्या छत्रीवर इतर उपग्रहांचे खुले चॅनेल धरण्याची हौस असेल, तर गोष्ट वेगळी. त्याला एकापेक्षा जास्त छत्र्या जोडणारा बॉक्स लागतो. साध्या संसाराला दोन फुटी छत्री पुरते. प्रसार भारती स्वतः एकूण खर्च दोन हजारांच्या घरात सांगते. चार हजार मोजणारा मी, हे वाचून गप्प बसलो.

छत्रीचे तोंड आपल्या भागात आग्नेयेला, क्षितिजापासून 57 ते 60 अंश वर लागते. छत्रीच्या पातळीवर 30 फूट उंच झाड त्या दिशेला असेल तर ते निदान 20 फूट लांब हवे. ही छत्री दिसायला बरीच उभी दिसते, तिची ठेवणच तशी असते, म्हणून ती मागे कलंडवू नका. मुसळधार पावसात चित्र गेले तर बॉक्सला शिव्या देऊ नका, पाऊस ओसरला की ते येते.

या बाबतीत आपण लालबागकरांपेक्षा भाग्यवान. दाजींच्या चाळीला आग्नेयेलाच टॉवर उभा राहिला आहे. चारशे फुटी टॉवर अडीचशे फुटांच्या आत आला की खालच्या छत्रीला उपग्रह दिसतच नाही. दाजींना फुकटची डिश हवी असूनही केबलचे पैसे भरावे लागतात. आपल्याकडे आभाळ मोकळे आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही मंडळी म्हणतील, महिन्याला रिचार्ज भरला की कटकट नाही, सगळ्या मराठी मालिका आणि क्रिकेट दिसते. खरे आहे. फ्री डिशवर सगळे मिळत नाही, आणि मिळते ते टिकेलच असेही नाही. मार्च 2019 मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय हिंदी वाहिन्या तिथून काढून घेतल्या, त्या 2020 मध्ये परत आल्या. घरच्यांना अमुकच मालिका हवी असेल तर रीतसर पैसे भरावेत, त्यात कमीपणा नाही. पण बातम्या, शेती, पोरांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या माणसांचा विरंगुळा एवढेच हवे असेल, तर दरमहा खिसा रिकामा करण्याचे कारण नाही. आणि या दोन्हींच्या मधला 'फुकटात सगळे' हा जो तिसरा रस्ता विक्रेता दाखवतो, तो रस्ताच नव्हे.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला बॉक्स मी स्वतः जोडला. पहिल्या दिवशी तीन तास गेले, पोरगी हसली. आता ती स्वतः स्कॅन करते आणि वस्तीवरच्या चार घरांत करून देते. माझी विनंती एवढीच आहे की प्रत्येक गावात दोन-तीन पोरापोरींनी हे शिकून घ्यावे. कोणी नवा बॉक्स घ्यायला निघाला तर त्यांच्यापैकी एकाला बरोबर न्यावे. दुकानदाराने मेनू उघडून दाखवला नाही, तर पैसे खिशातच ठेवून परत यावे.

आमच्या आईची संध्याकाळ आता सह्याद्रीवर जाते. टीव्ही लागला का, हे ती आता विचारत नाही. आवाज वाढव, एवढेच म्हणते.

— एक ऊस उत्पादक सभासद