तीन दिवसांत पडणारे कीव्ह

रशियन फौजा २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे युक्रेनमध्ये शिरल्या, तेव्हा कीव्ह किती काळ टिकेल या प्रश्नाचे जगातल्या बहुतेकांचे उत्तर दिवसांत मोजले जात होते. पूर्ण ताकदीने आक्रमण झाले तर राजधानी ७२ तासांत पडू शकेल, असे अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनी तिथल्या लोकप्रतिनिधींना बंद दाराआड सांगितल्याचे वृत्त त्याच महिन्याच्या सुरुवातीला आले होते. मॉस्कोचा हिशेबही वेगळा नव्हता. रिया नोवोस्ती या सरकारी वृत्तसंस्थेने २६ फेब्रुवारीला विजय गृहीत धरून लिहिलेला लेख प्रसिद्ध केला आणि थोड्याच वेळात तो गुपचूप काढून टाकला. मार्च सरता सरता रशियन सैन्य कीव्हच्या परिसरातून माघारी वळले. एकमेकांचे वैरी असलेले दोन देश एकाच अंदाजावर एकत्र चुकले होते.

या युद्धाविषयीच्या अंदाजांची चार गटांत विभागणी करता येते. आक्रमण होईल का, झाले तर कसे संपेल, निर्बंधांनी रशिया मोडेल का, आणि जगाची मांडणी कशी बदलेल. चारही गटांचे निकाल सारखे नाहीत आणि या फरकातच अंदाज का फसतात याचे उत्तर आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वॉशिंग्टन आणि लंडनने बरोबर दिले. २०२१ च्या शरद ऋतूपासून सीमेवरच्या छावण्यांची उपग्रहचित्रे खासगी कंपन्याच प्रसिद्ध करत होत्या. नोव्हेंबरमध्ये सीआयएचे संचालक विल्यम बर्न्स इशारा द्यायला मॉस्कोला गेले. हाती आलेली गुप्त माहिती जाहीर करून टाकण्याचा मार्ग अमेरिकेने निवडला. तरी अनेकांचा विश्वास बसला नाही, कारण २००३ मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रे असल्याचा दावाही याच दोन राजधान्यांनी केला होता. पॅरिस आणि बर्लिन साशंक होते. जर्मनीच्या परदेशी गुप्तचर संस्थेचे प्रमुख ब्रुनो काल आक्रमणाच्या दिवशी कीव्हमध्येच होते, त्यांना रस्त्याने बाहेर काढावे लागले. खुद्द युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमिर झेलेन्स्की जानेवारीत पाश्चात्त्यांना घबराट पसरवू नका असे सांगत होते.

शंका घेणाऱ्यांचा तर्क मात्र कच्चा नव्हता. सीमेवर जमलेले दीड ते दोन लाख सैनिक सहा लाख चौरस किलोमीटरचा, चार कोटींहून अधिक लोकवस्तीचा देश ताब्यात ठेवायला पुरेसे नाहीत, म्हणून रशियाचे अध्यक्ष पुतिन हे धाडस करणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. यातला पहिला भाग खरा ठरला आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. उलट, आक्रमण होणारच असे सांगणाऱ्यांनी ते यशस्वी होणार हेही धरून टाकले. ज्यांना हल्ल्याची तारीख जवळपास कळली होती त्यांना निकाल कळला नाही. ज्यांना सैन्य अपुरे असल्याचे कळले होते त्यांना हल्ला कळला नाही. क्षमता, हेतू आणि परिणाम या तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत दोन्ही पक्षांनी केली.

दुसरा प्रश्न कालावधीचा. कीव्हजवळच्या होस्तोमेल विमानतळावर पहिल्याच दिवशी रशियन छत्रीधारी सैनिक हेलिकॉप्टरमधून उतरले, पण धावपट्टी जड विमानांसाठी सुरक्षित करणे त्यांना जमले नाही. राजधानीच्या वायव्येला सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा वाहनांचा ताफा उपग्रहातून दिसला तेव्हा वेढा पडलाच असे जगाला वाटले. प्रत्यक्षात तो ताफा इंधन, रसद आणि हल्ल्यांच्या अडचणीत अडकून पडला होता. बलाचे चिन्ह म्हणून पाहिले गेलेले चित्र दुबळेपणाचे होते. युक्रेनी लोक लढतील का, हे तर कोणत्याही उपग्रहाला दिसणारे नव्हते. सहाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०२१ मध्ये, कागदावर तीन लाखांचे असलेले अफगाण सैन्य विरघळून गेले होते आणि काबूल अमेरिकी अंदाजापेक्षा कितीतरी लवकर पडले होते. त्या चुकीचा धडा घेताना तोल दुसऱ्या बाजूला गेला. लढण्याची इच्छा मोजणे फार अवघड असते, हे अमेरिकी गुप्तचर प्रमुखांनी मे २०२२ मध्ये सिनेटपुढे मान्य केले.

हा अनुभव नवा नव्हता. हिटलरने २२ जून १९४१ रोजी सोव्हिएत संघावर हल्ला केला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना आपल्या सेनाधिकाऱ्यांचे मत कळवले: रशियाला हरवायला जर्मनीला कमीत कमी एक महिना आणि फार तर तीन महिने लागतील. सप्टेंबर १९८० मध्ये सद्दाम हुसेन यांनी क्रांतीने खिळखिळ्या झालेल्या इराणवर झटपट विजयाच्या आशेने चाल केली. ते युद्ध ऑगस्ट १९८८ पर्यंत चालले. इराकवरच्या हल्ल्याआधी फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी युद्ध सहा महिने चालेल याविषयी शंका व्यक्त केली होती. बगदाद तीन आठवड्यांत पडले, पण अमेरिकी सैन्य २०११ पर्यंत तिथेच राहिले. सैन्य हरणे आणि युद्ध संपणे यांतले अंतर अंदाज बांधणाऱ्यांच्या हातून वारंवार निसटले आहे.

युक्रेनमध्येही अंदाजाचा लंबक पुढे उलट दिशेला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये खार्किव्ह प्रांतात रशियन फळी कोसळली, ११ नोव्हेंबरला युक्रेनी सैन्य खेरसोन शहरात शिरले. आता पुढच्या उन्हाळ्यात युक्रेन अझोव्ह समुद्रापर्यंत धडक मारून रशियाला क्रायमियाशी जोडणारा खुष्कीचा मार्ग तोडेल, अशी चर्चा सुरू झाली. जून २०२३ मधला तो प्रतिहल्ला दाट भूसुरुंग, खंदक आणि ड्रोन यांच्यापुढे थबकला. रशियाने मधल्या काळात लाखो राखीव सैनिकांची भरती केली होती आणि संरक्षणाच्या ओळींमागून ओळी खणल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये युक्रेनचे सरसेनापती वालेरी झालुझ्नी यांनीच कोंडी झाल्याचे जाहीरपणे सांगितले. त्याच जूनमध्ये वॅग्नर या भाडोत्री फौजेचा म्होरक्या येवगेनी प्रिगोझिन मॉस्कोच्या दिशेने निघाला, तेव्हा एका दिवसासाठी पुतिन यांच्या राजवटीचा शेवटही वर्तवून झाला. दोन महिन्यांनी विमान कोसळून प्रिगोझिनच मारला गेला.

तिसरा गट अर्थकारणाचा. पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेचा सुमारे ३०० अब्ज डॉलरचा परकीय साठा गोठवला आणि मोठ्या बँका स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँकव्यवहारांच्या संदेश-यंत्रणेतून काढल्या. मार्च २०२२ मध्ये एका डॉलरला १२० हून अधिक रुबल मोजावे लागले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिलमध्ये रशियाची अर्थव्यवस्था त्या वर्षी साडेआठ टक्क्यांनी आकसेल असे म्हटले. ती एक-दोन टक्केच आकसली आणि पुढच्या वर्षी साडेतीन टक्क्यांहून अधिक वाढली. रुबल तर जूनमध्येच युद्धापूर्वीपेक्षा वधारला होता. व्याजदर एका फटक्यात २० टक्क्यांवर नेणे, भांडवल बाहेर जाऊ न देणे, चढ्या भावाने तेल विकणे, चीन, तुर्कस्तान आणि मध्य आशियातून माल आणणे आणि युद्धावर अफाट खर्च करणे या उपायांनी रशियाने धक्का पचवला. म्हणून निर्बंध कुचकामी ठरले, हा उलट निष्कर्षही उतावळा आहे. महागाई रोखण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. निर्बंधांचा परिणाम कोसळण्यात दिसला नाही, झिजण्यात दिसला.

ऊर्जा आणि अन्न यांबाबतही हेच घडले. युरोप हिवाळ्यात गारठेल, असे भाकीत होते. युरोपीय संघाच्या वायू आयातीत रशियन नळवायूचा वाटा २०२१ मध्ये ४० टक्क्यांहून अधिक होता. २०२३ मध्ये तो आठ टक्क्यांच्या जवळ आला. हिवाळा सौम्य निघाला हे नशीब. पण जर्मनीने विल्हेल्म्सहाफेन येथे द्रवरूप वायू उतरवणारे केंद्र वर्षाच्या आत उभे केले, हे नशीब नव्हते. उद्योगांनी मात्र महाग ऊर्जेच्या रूपाने मोठी किंमत मोजली. गव्हाच्या आणि खाद्यतेलाच्या टंचाईची भीती मार्च २०२२ मध्ये खरीच होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा किंमत निर्देशांक तेव्हा विक्रमी पातळीवर गेला. भारताला सूर्यफूल तेल पुरवणाऱ्या देशांत युक्रेन तेव्हा पहिला असल्याने महाराष्ट्रातल्या किराणा दुकानांत तेलाचे भाव चढले. जगाला धान्य पुरवण्याची भाषा करणाऱ्या भारताने उष्णतेच्या लाटेनंतर १३ मे २०२२ रोजी गहू निर्यात थांबवली. जुलैत इस्तंबूलमध्ये युक्रेनचे धान्य समुद्रमार्गे नेऊ देण्याचा करार झाला. वर्षभराने रशिया त्यातून बाहेर पडला, तेव्हा पुन्हा टंचाईचे भाकीत झाले. पण नाव घेण्याजोगे आरमार नसलेल्या युक्रेनने क्षेपणास्त्रे आणि सागरी ड्रोन वापरून रशियन नौदलाला मागे रेटले होते. किनाऱ्यालगतच्या नव्या मार्गाने जहाजे सुरू झाली.

चौथा गट जगाच्या मांडणीचा. नाटोचा विस्तार थांबवा, ही रशियाची डिसेंबर २०२१ मधली मागणी होती. परिणाम असा, की पिढ्यान्‌पिढ्या अलिप्त राहिलेला फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी आणि स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी नाटोत गेला. एकट्या फिनलंडची रशियाशी सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा आहे. जग दोन छावण्यांत विभागेल, हे भाकीत अर्धवट ठरले. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, पाच विरोधात गेले आणि भारत-चीनसह ३५ तटस्थ राहिले. भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा युद्धापूर्वी दोन टक्क्यांच्या आसपास होता. तो एकतृतीयांशाच्या वर गेला. याच खरेदीचे कारण देऊन अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लादले. उत्तर कोरियाचे सैनिक रशियाच्या कुर्स्क प्रांतात लढतील, हे तर २०२२ मध्ये कोणाच्याच यादीत नव्हते.

चारही गटांतल्या चुका एका साच्याच्या आहेत. रणगाडे, परकीय गंगाजळी, वायूचे घनमीटर मोजता येतात, म्हणून भाकिते त्यांवर उभी राहतात. जिद्द, रसदव्यवस्थेतला भ्रष्टाचार, सत्ताधाऱ्याची सहनशक्ती मोजता येत नाही, म्हणून ती हिशेबातून गळते. दुसरी चूक त्याहून मोठी. भाकीत करणारा एका बाजूची चाल धरतो आणि समोरचा जागचा हलणार नाही असे मानून चालतो. रशियाने खंदक खणले, युरोपने वायूची केंद्रे बांधली, युक्रेनने ड्रोन बनवले. धोक्याचे भाकीत ऐकून माणसे हालचाल करतात आणि त्या हालचालीनेच भाकीत खोटे पडते.

तिसरे कारण बाजाराचे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांची ८० हजारांहून अधिक राजकीय भाकिते सुमारे वीस वर्षे तपासून २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्यापेक्षा फारसा पुढे नव्हता आणि माध्यमांत गाजणारे तज्ज्ञ कमी गाजणाऱ्यांपेक्षा अधिक चुकत होते. एकाच मोठ्या सिद्धान्ताने सगळे समजावणाऱ्यांपेक्षा अनेक बाजूंनी पाहणारे आणि नवी माहिती आली की मत थोडेथोडे बदलणारे सरस ठरले. पण दूरचित्रवाणीच्या चर्चेला ठाम आवाज हवा असतो.

अण्वस्त्रांविषयीच्या भाकितांना यात वेगळी जागा आहे. २०२२ च्या शरद ऋतूत त्यांच्या वापराची भीती अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनीही जाहीरपणे बोलून दाखवली. वापर झाला नाही, म्हणून भीती निराधार होती असे ठरत नाही. दहात एक शक्यता असलेली गोष्ट दहापैकी नऊ वेळा घडतच नाही. अशा भाकिताची किंमत ते खरे ठरण्यावर नसते, त्यामुळे सावध झालेल्या निर्णयांवर असते.

युद्धाच्या शेवटाविषयीची चर्चाही याच कसोट्यांना लावून पाहता येते. डोनाल्ड ट्रम्प यांनी निवडणूक प्रचारात २४ तासांत युद्ध थांबवण्याचे सांगितले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अलास्कात पुतिन यांना भेटूनही शस्त्रसंधी झाली नाही. ‘युद्ध कधी संपेल’ या एका प्रश्नात गोळीबार कधी थांबेल, ताबारेषा कुठे असेल, युक्रेनच्या सुरक्षेची हमी कोण देईल आणि निर्बंध कोण उठवेल, असे चार प्रश्न दडलेले आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या राजधान्यांत आणि वेगवेगळ्या वेळी ठरतील. त्यांतला नेमका कोणता प्रश्न, किती मुदतीत आणि किती शक्यतेने, हे सांगणारे भाकीत पुढे तपासता येते. एवढेही न सांगणारे भाकीत कधीच चुकत नाही, आणि म्हणूनच त्यावर विसंबून काही ठरवता येत नाही.