लिलावातली बोलेरो आणि टायरचा नंबर



एमटीतल्या माणसाला रविवार नसतो. इथे देहरादूनला गेल्या रविवारी आमच्याच पलटणीतून पेन्शन गेलेला एक गढवाली हवालदार दारात गाडी घेऊन उभा. पोलिसांची जुनी बोलेरो, लिलावात घेतलेली. दिवा आणि पट्टे उतरवलेले, कागद नावावर झालेले. त्याचं गाव पौडीच्या वरच्या अंगाला. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती.

मी आधी टायर बघितले. पुढच्या दोन्हींवर 215/75 आर 15, म्हणजे कंपनीचा नंबर. मागे डावीकडे तोच नंबर, पण गुळगुळीत, उजवीकडे 235/75. ड्युटीची गाडी थांबवता येत नाही, मिळेल तो टायर चढतो. पण एका ॲक्सलवर दोन मापं असली की सरळ रस्त्यावरही डिफरेन्शियल आतून फिरत राहतं, तापतं, झिजतं.

तो म्हणाला, "साहेब, चारही 235 टाकतो. पहाडात गाडी उंच पाहिजे. एक तर आहेच, तीनच घ्यावे लागतील."

मी कागदावर हिशेब मांडला. 215 ही मिलिमीटरमध्ये रुंदी, 75 म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या 75 टक्के, 15 इंच रिम. या टायरचा व्यास साधारण 703 मिमी, 235 चा 733. फरक 30 मिमी, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे 15 मिमी. बोटाच्या जाडीएवढी!

त्या बोटभर उंचीची किंमत काय? मीटरवर 60 दिसतं तेव्हा गाडी साडेबासष्टने पळते. गिअरिंग चार टक्क्यांनी लांब होतं, म्हणजे चढाला ओढ कमी आणि उताराला इंजिनचा ब्रेकही कमी. आम्ही पहाडात उतरतो ते गिअरच्या भरवशावर. शिवाय कैंचीच्या वळणावर पूर्ण स्टिअरिंग कापलं की मोठा टायर मडगार्डला घासू शकतो. तरुणपणी माझ्या स्वतःच्या गाडीला मी हा शौक केला होता. वळणावर घासण्याचा आवाज आला आणि महिन्याभरात जुनं माप परत चढवलं.

माझं मत स्पष्ट आहे. फौजेत स्केलबाहेर काही चालत नाही, तसंच टायरचं. कंपनीने ठरवलेला नंबर मॅन्युअलमध्ये असतो, तोच घ्यावा. लोड इंडेक्स कंपनीच्या आकड्यापेक्षा कमी नको. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो. भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. नक्षी जाड दिसली तरी जुनं रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. आणि नक्षीची खोली 1.6 मिमीच्या खाली गेली की टायर कायद्यानेही बाद.

लिलावात बोली लावणाऱ्या माजी सैनिकांना एकच सांगणं: पाच टायरची किंमत आधीच बोलीतून वजा धरा. गाडी स्वस्त मिळाली असं वाटतं, ते टायरच्या दुकानापर्यंतच.

हवालदार थोडा नाराज झाला. पण 235 चा टायर दुकानदाराला देऊन 215/75 चे चार नवे घेतले. जुन्यातला बरा टायर स्टेपनीला ठेवलाय. पाचवा पुढच्या पेन्शनला.

जय हिंद.