अंगावरचं चिन्ह कोणी काढलं?

मारिया माग्दालेना काम्पोस-पोन्स या क्युबात जन्मलेल्या कृष्णवर्णीय कलावंत बाईचा १९९४ सालचा एक फोटो आम्ही अभ्यासवर्गात दाखवला. फोटोत तिचं स्वतःचं धड आहे, चेहरा नाही. अंगाला निळा रंग, त्यावर पांढऱ्या लाटा. गळ्यात दुधाच्या दोन बाटल्या, हातात लाकडी होडी. एका कार्यकर्त्याने लगेच विचारलं, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी ही देवीभक्ती कशाला बघायची?"

प्रश्न रास्त आहे. उत्तरही सरळ दिलं पाहिजे.

त्या लाटा येमायाच्या. येमाया ही योरुबा लोकांची समुद्राची आणि मातृत्वाची देवता. पश्चिम आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या माणसांनी ती क्युबात जपली. मालकांनी कॅथलिक धर्म लादला, तेव्हा ती रेग्लाच्या काळ्या मेरीआड लपून राहिली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली १८८६ साली. काम्पोस-पोन्सचे पूर्वज याच गुलामांपैकी. म्हणून त्या होडीत आम्हाला गुलामांचं जहाज दिसतं, आणि त्या बाटल्यांत मालकाच्या लेकरांना पाजणारी काळी आई दिसते. समीक्षक याला 'गूढ' म्हणून मोकळे होतात. यात गूढ काय आहे? हा शोषणाचा हिशेब आहे!

मार्ता मारिया पेरेस ब्रावो ही दुसरी क्युबन कलावंत. १९८५-८६ मध्ये तिने स्वतःचं गरोदरपण कृष्णधवल फोटोंत मांडलं. गरोदर बाईने प्राणी मारू नये, मारताना बघू नये, अशी तिथली समजूत. ती भरल्या पोटासमोर सुरा धरून उभी राहिली.

आपल्याकडे यल्लम्माच्या नावाने पोरींच्या गळ्यात मोती बांधले गेले. ते चिन्ह इतरांनी लादलं आणि देहाचा मालकही इतरांनीच ठरवला. १९३६ साली मुंबईत बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, देवदासींना हे जिणं सोडायला सांगितलं, ते यासाठीच. क्युबातल्या या दोघींनी चिन्ह स्वतः निवडलं आणि देहाचा अर्थ स्वतः सांगितला. फरक इथे आहे.

आम्ही येमायापुढे हात जोडणार नाही. पण एक प्रश्न स्वतःला विचारू. अत्याचार झाला की आपण आपल्या बाईचा रडका चेहरा बॅनरवर लावतो. तो फोटो कोणता असावा, हे तिला कधी विचारलं का? आपल्या पोरींच्या हाती कॅमेरा द्या. त्यांचा इतिहास त्यांनाच मांडू द्या.

जय भीम!