बॅनर छापण्याआधी शेजारी बसा

एखाद्या पोराने जीव दिला की आपली चळवळ जागी होते. एका रात्रीत बॅनर छापून येतो, मेणबत्त्या येतात, तहसीलदारांना निवेदन जाते आणि "ही आत्महत्या नाही, संस्थात्मक हत्या आहे" ही घोषणा चौकात घुमते. घोषणा खरी आहे. आम्ही ती दिली आहे, पुढेही देऊ. पण तोच पोरगा जिवंत असताना, आपल्याच ग्रुपमध्ये असताना, आपण त्याला काय सांगत होतो? "भीमाचा वाघ आहेस, रडतोस काय?"

रोहित वेमुलाचेच घ्या. जुलै २०१५ पासून त्याची फेलोशिप थांबली होती. डिसेंबरमध्ये त्याला आणि चार साथींना वसतिगृहाबाहेर काढण्याचा आदेश निघाला. १८ डिसेंबरला त्याने कुलगुरूंना पत्र लिहिले आणि उपरोधाने दलित विद्यार्थ्यांसाठी इच्छामरणाची सोय मागितली. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. मध्ये तीस दिवस होते. ते पत्र गांभीर्याने घेणे हे प्रशासनाचे काम होते, त्याचा जाब आपण विचारतच राहणार. त्याच्या साथींना आम्ही दोष देत नाही, ते त्याच्याबरोबर उघड्यावर झोपत होते. प्रश्न आपल्याला आहे. असे पत्र आज आपल्या हातात पडले तर आपण त्यातला फक्त संताप वाचू, की मरणाची भाषाही ऐकू? २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. छळ होतोय, हे तीही घरी सांगत होती. आपली माणसे सांगतात. ऐकायला कोण असते?

काही साथी म्हणतात, मानसिक आरोग्य वगैरे हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत. व्यवस्था बदला, समुपदेशन कसले करता? यात अर्धे सत्य आहे. जातीचा छळ करायचा आणि वर "मुलगा मनाने कमकुवत होता" म्हणायचे, हा डाव आपण ओळखतो. पण व्यवस्था बदलेपर्यंत पोरगा जगला पाहिजे ना? जखम दुसऱ्याने केली म्हणून आपण मलमपट्टी करायची नाही, हा कुठला क्रांतिकारी विचार?

आम्ही महाळुंगेत काम करतो. परभणी, नांदेड, बुलढाण्याहून आलेली पोरे इथे एका खोलीत सहा-सहा जण राहतात, ठेकेदाराकडे बारा तास राबतात आणि काही महिन्यांनी ब्रेक मिळाला की पुन्हा गेटवर उभी राहतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२१ मध्ये देशात १,६४,०३३ जणांनी आत्महत्या केली. त्यांपैकी ४२,००४ रोजंदारीवर जगणारे होते, म्हणजे चारात एक. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. हे आपलेच लोक आहेत.

मागे असाच एक पोरगा. ब्रेक मिळाल्यावर तो रविवारच्या वंदनेला येईना. मेस बंद केली. ग्रुपमधून बाहेर पडला. पोलीस भरतीची पुस्तके रूममेटला देऊन म्हणाला, "तुला होतील, मला आता काय करायचीत?" आम्हाला वाटले, गावी जायचा विचार असेल. रूममेटने मात्र रात्री अकराला फोन केला. आम्ही गेलो, चहा घेतला आणि सरळ विचारले, "जीव द्यायचा विचार येतो का रे?" बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "येतो दादा. घरच्यांवर ओझं झालोय." त्या रात्री आम्ही भाषण केले नाही. बसून राहिलो. सकाळी त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेलो. आज तो कामावर आहे. औषध चालू आहे, काही दिवस अजूनही वाईट जातात. शाबासकी आमची नाही, त्या रूममेटची आहे.

म्हणून खुणा ओळखा. "मी नसलो तर बरं", "सगळ्यांना ओझं झालोय" अशी भाषा. जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकणे. झोप उडणे, दारू वाढणे, माणसांत येणे बंद होणे. खूप दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक शांत होणे, हीसुद्धा खूण आहे.

मग थेट विचारा. विचारल्याने डोक्यात विचार शिरतो, हा गैरसमज आहे. उलट कोंडलेला माणूस मोकळा होतो. उपदेश नको, "आईबापाचा विचार कर" नको. "कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. धोका वाटला तर एकटे सोडू नका, जिवाला घातक काही हाताशी राहू देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. जीव लगेच धोक्यात असेल तर १०८ किंवा ११२. पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ अशा माणसाला गुन्हेगार नाही, तीव्र तणावाखालचा माणूस मानते.

आणि ते "वाघ रडत नाही" बंद करा. परदेशात शिकून बडोद्याला नोकरीवर आलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे पारशी धर्मशाळेतून हाकलले, तेव्हा आपण रडलो, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांनी स्वतःचे अश्रू लपवले नाहीत, त्यांच्या नावाने आपण पोरांचे अश्रू दाबतो. बुद्धांनी कुणी विचारत नसलेल्या आजारी भिक्खूला आनंदासोबत स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातली कथा आपण विहारात सांगतो. मग आपल्या खोलीतल्या आजारी साथीला कोण विचारणार?

महाळुंगे-चाकणच्या प्रत्येक विहारात दोन माणसे ठरवा. वंदनेला कोण आले नाही, ते त्यांनी पाहावे आणि त्याच दिवशी त्याच्या खोलीवर जावे. ठेकेदाराविरुद्धचा लढा, कॉलेजातल्या छळाविरुद्धची तक्रार चालूच राहील. पण तो लढा लढायला पोरे जिवंत हवीत. आपल्याला आणखी एक फोटो नको, आणखी एक साथी हवा.

जयभीम!